वारंवार कन्कशननंतर प्रकाश-आवाज सहन होत नाही? या चुका टाळा

फुटबॉल खेळताना मला तीनदा कन्कशन झालं, म्हणजे डोक्याला मार लागून आत मेंदूला हिसका बसला. तिन्ही वेळा मी शुद्धीवर होतो, म्हणून तिन्ही वेळा कुणी मनावर घेतलं नाही, मीसुद्धा नाही. शेवटच्या माराला सहा वर्षं झाली. ट्यूबलाइट लुकलुकली किंवा ताट हातातून निसटून पडलं की आजही कपाळ ठणकायला लागतं. नवी मुलं माझ्याच चुका नव्याने करताना दिसली की गप्प बसवत नाही.

घरात काळा गॉगल. यासारखी घातक सवय दुसरी नाही. मी चार महिने पडदे ओढून, गॉगल लावून, कानात बोळे घालून बसलो. पहिले काही दिवस फार बरं वाटलं आणि तिथेच फसलो. एका रात्री पाणी प्यायला फ्रिज उघडला, तर आतल्या एवढ्याशा दिव्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ओट्याला धरून उभा राहिलो. डोळे अंधाराला सरावले की साधा उजेडही त्यांना बोचतो, हे तेव्हा फिजिओने समजावलं. मग पडदा रोज वीतभर उघडायचा, दहा मिनिटं तसंच बसायचं, असं सुरू केलं. घरातला गॉगल सुटायला अडीच महिने लागले. बाहेर कडक ऊन असेल तर गॉगल, टोपी जरूर वापरा. कानातले बोळेही ड्रिल मशीनसारख्या खरोखरच्या गोंगाटापुरते ठेवा. मार लागल्यावर पहिले 24 ते 48 तास आराम हवाच, पण त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका, हळूहळू चालायला लागा. खेळाडूंच्या कन्कशनवर 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला तज्ज्ञांची परिषद झाली, तिचा सल्लाही हाच आहे.

बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकणं. उतावळ्यांची ही ठरलेली चूक. डोकं शांत आहे म्हणून धावायलाही जातात, लॅपटॉपही उघडतात, रात्री मित्रांतही बसतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. मी वहीत त्रासाला शून्य ते दहा आकडा देतो. काम सुरू करतानाच्या आकड्यापेक्षा दोनहून जास्त वाढला, की हातातलं काम तिथेच थांबवतो, मग ते कितीही थोडं उरलेलं असो. चांगल्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त चालत नाही. हे कंटाळवाणं आहे, पण मला याहून जवळची वाट सापडलेली नाही.

रोज डोकेदुखीची गोळी. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, तेही महिनोन्महिने, घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं.

“सीटी स्कॅन नॉर्मल, म्हणजे मी ठणठणीत” असं धरून चालणं. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशन सहसा दिसत नाही.

मान आणि डोळे न तपासणं. दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर नीट वळत नसतील, तर वाचताना डोकं धरतं आणि खापर मात्र उजेडावर फुटतं.

हेल्मेट आहे, खेळू. हेल्मेट कवटी वाचवतं. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. ऑस्ट्रेलियाचा फलंदाज विल पुकोव्हस्की हेल्मेट घालूनच खेळत होता. वारंवार झालेल्या कन्कशनमुळे 2025 मध्ये, 27व्या वर्षी त्याला क्रिकेट सोडावं लागलं. लक्षणं असताना मैदानात उतरायचं नाही, यात माझ्याकडे तडजोड नाही. आणि डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच गेली, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, हातपाय बधिर झाले किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.

लोकांना न सांगणं. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे समोरच्याला कळणार तरी कसं? “मला त्रास होतो” एवढ्याने कुणाला काही उमगत नाही. मी मीटिंगला गेलो की सरळ सांगतो, “माझ्या डोक्यावरची ट्यूब तेवढी बंद करा, मी खिडकीकडे पाठ करून बसतो, आणि अर्ध्या तासाने पाच मिनिटं बाहेर जाऊन येईन.” आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.