दिनविशेष लिहिताना या चुका टाळा

१ ऑगस्टच्या सकाळी शाळेच्या फळ्यावर, वाचनालयाच्या दारातील फलकावर आणि मोबाइलच्या पडद्यावर दोन चित्रे शेजारी शेजारी दिसतात: लोकमान्य टिळकांचे आणि अण्णा भाऊ साठे यांचे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि नेमक्या त्याच दिवशी वाळवा तालुक्यातील वाटेगावात अण्णा भाऊंचा जन्म झाला. म्हणजे एकाची पुण्यतिथी आणि दुसऱ्याची जयंती. मी ज्या वाचनालयात अनेक वर्षे दिनविशेषाचा फलक लिहीत आलो आहे, तेथे एका वर्षी घाईघाईत ‘दोन्ही थोर पुरुषांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन’ असे माझ्याच हातून लिहिले गेले. संध्याकाळी चूक लक्षात आली, फलक पुसला, नवा मजकूर लिहिला. मात्र दुपारी येऊन गेलेल्या सातवीतील एका मुलाने ती ओळ वहीत उतरवून घेतली होती आणि पुढच्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धेतील भाषणात टिळकांचा जन्म १ ऑगस्टला झाला असे त्याने ठामपणे सांगितले. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. फलकावरची चूक पुसता येते, पण ती ज्याने वाचली त्याच्यापर्यंत पोहोचणे अवघड असते, हे त्या दिवसापासून माझ्या मनात घर करून आहे.

दिनविशेष दोन ओळींचा असतो, म्हणून तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात त्या दोन ओळींत कोणती घटना, कोणत्या पंचांगाची तारीख, कितवे वर्ष आणि कोणाचे चित्र असे चार निर्णय दडलेले असतात, आणि बहुतेक चुका त्यांपैकी एखादा निर्णय न घेताच मजकूर पुढे पाठवल्यामुळे होतात.

दिवस कशाचा आहे?

२८ फेब्रुवारीला ‘सर सी. व्ही. रामन यांच्या जयंतीनिमित्त राष्ट्रीय विज्ञान दिन’ असा मजकूर दरवर्षी फिरतो. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा आहे. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस आहे, आणि म्हणूनच तो विज्ञान दिन म्हणून निवडला गेला. शिक्षक दिन ५ सप्टेंबरला राधाकृष्णन यांच्या जन्मदिवशी आणि गणित दिन २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जन्मदिवशी येत असल्यामुळे प्रत्येक ‘दिन’ म्हणजे कोणाची तरी जयंतीच, अशी सवय लागते. येथे नुकसान केवळ तारखेचे होत नाही. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याच्या तरंगलांबीत बदल होऊ शकतो, हे त्या दिवशी समजले; ती मुलांना सांगण्याजोगी गोष्टच मजकुरातून गळून पडते.

असाच गोंधळ मराठीच्या दोन दिवसांचा होतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस ‘मराठी भाषा गौरव दिन’ म्हणून साजरा होतो, तर ‘मराठी राजभाषा दिन’ १ मे रोजी असतो. २७ फेब्रुवारीला ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ देणारे फलक सरकारी इमारतींवरही दिसले आहेत. काही वेळा दोन्ही तारखा खऱ्या असतात, पण त्या दोन वेगळ्या घटनांच्या असतात. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटाचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी झाला आणि तो सर्वसामान्य प्रेक्षकांना ३ मे १९१३ पासून गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात पाहायला मिळाला. ‘पहिल्यांदा दाखवला गेला’ असे मोघम लिहिले की वाद सुरू होतो. कोणाला दाखवला गेला, हे लिहिले की वाद राहत नाही.

तारीख कोणत्या पंचांगाची?

या विषयावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त चुका येथेच होतात आणि त्या करणारी माणसे अनेकदा मनापासून पडताळणी करणारी असतात.

जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडील सालवार घटनानोंदींत, शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे, आणि त्यावरूनच १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली गेली. आता मोबाइलमधील दिनदर्शिका मागे नेऊन १९ फेब्रुवारी १६३० उघडावी; तेथे मंगळवार दिसतो. हे पाहून शकावली चुकली किंवा शासनाने चुकीची तारीख ठरवली, असे मजकूर उत्साहाने लिहिले जातात. वस्तुतः कोणीही चुकलेले नाही. १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे, आणि मोबाइल मात्र आज प्रचलित असलेले ग्रेगोरियन पंचांग मागे ताणून दाखवतो. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे तो दिवस ग्रेगोरियन पद्धतीने १ मार्च १६३० ठरतो, आणि १ मार्च १६३० उघडून पाहिल्यास तेथे शुक्रवारच असतो. ही पडताळणी मी वाचनालयात येणाऱ्या मुलांकडून करून घेतो. वार जुळला की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो कोणत्याही तयार माहितीपत्रकाने मिळत नाही.

पोर्तुगालने नवे पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले, इंग्लंडने मात्र सप्टेंबर १७५२ मध्ये. त्या वर्षी तेथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्यामुळे गोव्याच्या पोर्तुगीज कागदातील आणि सुरत किंवा मुंबईच्या इंग्रजी कागदातील एकाच दिवसाच्या तारखांत सतराव्या शतकात दहा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचा फरक पडतो. शिवाय १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून जानेवारी १६६४ मधील सुरतेवरील स्वारीचे साल त्यांच्या कागदांत १६६३ असे आढळते. जुन्या कागदातील तारीख जशीच्या तशी उचलण्यापूर्वी तो कागद कोणाचा आहे, हे पाहिलेच पाहिजे.

शके आणि इसवी सन यांच्या रूपांतरातही एक नेहमीची चूक होते. शकात ७८ मिळवायचे, हे सर्वांना पाठ असते, पण ते चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंतच लागू पडते. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १५९६ च्या ज्येष्ठातील राज्याभिषेक ७८ मिळवून १६७४ मध्ये येतो, पण शके १५५१ च्या फाल्गुनातील जन्माला ७८ मिळवले तर १६२९ असे चुकीचे साल निघते.

राज्याभिषेकाच्या वाराबाबतही असाच प्रश्न विचारला जातो. ज्युलियन पंचांगाचा ६ जून १६७४ हा शनिवार होता, मग शकावलीत शुक्रवार कसा? महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती, म्हणजे सूर्योदयाला सुमारे ७२ मिनिटे बाकी होती. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून तोपर्यंत शुक्रवारच चालू होता; मध्यरात्री दिवस बदलणाऱ्या पद्धतीत मात्र शनिवार लागलेला होता.

पानिपतच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, आणि आज १४ जानेवारीच्या सुमारास मकरसंक्रांत येते, म्हणून ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ असे वाक्य पुनःपुन्हा लिहिले जाते. संक्रांतीची इंग्रजी तारीख स्थिर नाही; ती सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला, आणि त्या वर्षी संक्रांत त्याच दिवशी होती. त्याच्याही शंभर वर्षे आधी ती १४ जानेवारीला येणे शक्य नाही. वाक्य कितीही मनाला भिडणारे असले तरी ते सोडून द्यावे लागते. पानिपतावर जे घडले ते सांगण्यासाठी त्याची गरजही नाही.

कितवी जयंती, कितवे वर्ष?

पहिला वाढदिवस एक वर्ष पूर्ण झाल्यावर येतो आणि त्याच दिवशी दुसरे वर्ष लागते, एवढे लक्षात ठेवले तरी बरेच प्रश्न सुटतात. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म ३१ मे १७२५ चा. ३१ मे २०२४ रोजी त्यांचे तीनशेवे जन्मवर्ष सुरू झाले आणि ३१ मे २०२५ रोजी तीनशे वर्षे पूर्ण झाली. प्रजासत्ताक दिनाची मोजणी मात्र वेगळी आहे, कारण २६ जानेवारी १९५० हाच पहिला प्रजासत्ताक दिन मानला जातो. म्हणून २०२४ मध्ये पंच्याहत्तरावा प्रजासत्ताक दिन आला, आणि पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली ती २०२५ मध्ये. राज्याभिषेकाच्या बाबतीतही जून २०२३ मध्ये ३५० वे वर्ष लागले आणि जून २०२४ मध्ये ३५० वर्षे पूर्ण झाली. ‘वे वर्ष सुरू’ आणि ‘वर्षे पूर्ण’ हे शब्द पूर्ण लिहावेत. नुसते ‘३५० वा’ लिहून थांबू नये.

‘पहिला’ आणि ‘पहिली’

हा शब्द वाचकाला खेचून घेतो, म्हणून तो सढळ हाताने वापरला जातो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात सुरू केलेली शाळा ‘भारतातील मुलींची पहिली शाळा’ म्हणून सांगितली जाते. मात्र अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा उघडली होती, आणि बंगालमधील बारासात येथे १८४७ मध्ये भारतीयांनीच मुलींसाठी शाळा सुरू केली होती. हे लिहिले की सावित्रीबाईंचे मोठेपण कमी होते, अशी भीती काही जणांना वाटते. मला ती अजिबात पटत नाही. अंगावर शेण आणि चिखल झेलत, ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले गेले होते त्या मुलींना शिकवायला रोज घराबाहेर पडणारी ही बाई ‘पहिली’ या एका शब्दावर उभी नाही. उलट, कोणी जुना दाखला दाखवून तो शब्द खोडला, तर आपण सांगितलेले बाकीचे सगळेच खोटे असावे असे वाचकाला वाटू लागते, आणि तो धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

‘भारतातील पहिली महिला डॉक्टर’ या विशेषणाचेही असेच होते. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात पदवी मिळवली, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचा मृत्यू झाल्यामुळे त्यांना व्यवसाय करता आला नाही. कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच कलकत्त्यात पात्रता मिळवून व्यवसाय केला, आणि लंडनमध्ये शिकलेल्या रखमाबाईंनी पुढे सुरत आणि राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. प्रत्येकीचे वैशिष्ट्य एका वाक्यात मावते. ते वाक्य लिहावे, विशेषण टाळावे.

नावे आणि चित्रे

पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर या तीन वेगळ्या स्त्रिया आहेत, आणि एकीच्या स्मृतिदिनी दुसरीचे छायाचित्र लावले जाण्याचा प्रकार दुर्मीळ नाही. इंटरनेटवर नुसते ‘रमाबाई’ शोधून पहिले चित्र उचलले की हे घडते. गोपाळ गणेश आगरकर आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बाबतीतही नावाचा मधला भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘खरा फोटो’ असे शीर्षक असलेल्या चित्रासाठी एक साधी कसोटी आहे. छायाचित्रणाची पद्धत जगापुढे १८३९ मध्ये आली, त्यामुळे १७९५ मध्ये निधन पावलेल्या अहिल्यादेवींचे किंवा १८०० मध्ये निधन पावलेल्या नाना फडणविसांचे छायाचित्र असूच शकत नाही. चित्रकाराने काढलेले चित्र असेल तर तसे लिहावे. शिवाजी महाराजांचे म्हणून एकेकाळी छापले जाणारे चित्र इब्राहिम खान नावाच्या वेगळ्याच माणसाचे होते, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि समकालीन चित्र लोकांसमोर आणले. एक माणूस नेटाने मुळापर्यंत गेला म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या भिंतीवरची तसबीर बदलली.

१४ फेब्रुवारीच्या संदेशाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना ‘या दिवशी’ फाशी झाली किंवा शिक्षा सुनावली गेली, हे दोन्ही चूक आहे. शिक्षा ७ ऑक्टोबर १९३० रोजी सुनावली गेली आणि लाहोरच्या तुरुंगात फाशी २३ मार्च १९३१ रोजी दिली गेली. प्रेमदिनाला विरोध करायचा असेल त्याने तो स्वतंत्रपणे करावा. हुतात्म्यांच्या तारखा त्यासाठी हलवू नयेत.

चूक निघाल्यावर काय करावे?

मोबाइलवरून पाठवायच्या मजकुरात ‘आज’ हा शब्द वापरू नये. संदेश चार दिवसांनी किंवा थेट पुढच्या वर्षी कोणाच्या तरी हाती पडतो आणि तेव्हा ‘आज’ खोटा ठरतो. दिवस, महिना आणि साल चित्राच्या आतच लिहावे. पुण्यतिथीला ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहू नयेत. ६ डिसेंबरलाही असे फलक दिसतात आणि मनाला फार लागते. दोन विश्वसनीय ठिकाणी दोन वेगळ्या तारखा आढळल्या, तर एक निवडून दुसरी लपवण्यापेक्षा दोन्ही द्याव्यात, आणि तेही शक्य नसेल तर केवळ साल द्यावे.

एवढे करूनही चूक राहिलीच, तर जुना मजकूर गुपचूप काढून टाकू नये, कारण तो ज्यांच्यापर्यंत गेला त्यांना बदल कळतच नाही. ज्या गटात चुकीचे चित्र पाठवले त्याच गटात त्याच आकाराचे नवे चित्र पाठवावे, वर ठळक अक्षरांत ‘दुरुस्ती’ लिहावे, काय चुकले होते आणि बरोबर काय आहे हे दोन वाक्यांत सांगावे, आणि ज्याने चूक दाखवली त्याची हरकत नसेल तर त्याचे आभारही त्याच चित्रात मानावेत. आमच्या वाचनालयात आता दुरुस्तीचा मजकूर फलकाच्या उजव्या कोपऱ्यात सलग सात दिवस ठेवला जातो, कारण आठवड्यातून एकदाच येणारे वाचकही त्या मुदतीत येऊन जातात.