मशीनवरची चादर काढा, आणि पहिला परकरच शिवा

आमच्याकडे आईची काळी पायमशीन आहे, उषाची, आणि गेली बारा वर्षं तिच्यावर जुनी चादर आणि त्या चादरीवर इस्त्रीला द्यायचे कपडे एवढंच असायचं. लग्नाआधी मी तिच्यावर काय काय शिवलंय, फ्रॉक, उशीचे अभ्रे, भाचीची झबली, स्वतःचे पंजाबी ड्रेस. मग नोकरी, मुलं, आणि रेडिमेड इतकं सहज मिळायला लागलं की शिवायला बसायचं कारणच उरलं नाही. परत बसले ती परकरामुळे. माझी उंची पाच फूट सात इंच, दुकानातला एकही परकर मला घोट्यापर्यंत येत नाही, साडीच्या खाली चार बोटं कापड कमी पडतं आणि सुती साडी असेल तर ते उजेडात स्पष्ट दिसतं. चौथा परकर परत करून आले त्या रात्री मी चादर काढली.

हे लिहितेय ते ज्यांना शिवण येत होतं आणि सुटलं त्यांच्यासाठी. अगदी नवीन असाल तरी जमेल, फक्त मशीनवर हात बसायला आठवडाभर जास्त द्या.

सगळ्यात आधी एक सांगते, परत सुरुवात करताना ब्लाउजला हात लावू नका. मला माहितीय की मनात ब्लाउजच असतो, शिलाई केवढी झालीय वगैरे, पण ब्लाउजमधे मुंढा, टक्स, कटोरी, बाही, गळा, प्रत्येक ठिकाणी पाव इंच चुकला की दिसतं आणि मग उसवत बसायचं, आणि उसवण्यात गेलेल्या दोन संध्याकाळींनंतर मशीनवर परत चादर जाते. परकराला सगळ्या सरळ टिपा, कंबरेला नाडी त्यामुळे माप थोडं इकडेतिकडे चालतं, वर साडी येणार त्यामुळे एखादी टीप वाकडी गेली तरी काही अडत नाही, आणि तरी तो पूर्ण, रोज अंगावर घालायचा कपडा असतो. तीन-चार तासांत होतो. सुटलेला हात परत यायला असा पूर्ण झालेला कपडाच लागतो.

आता मशीन. पट्टा काढून ठेवा आणि चाक हाताने फिरवून बघा. जड फिरत असेल तर जुनं तेल चिकट होऊन बसलंय. सुईखालच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढा, दातऱ्यांमधे (कापड पुढे सरकवणारे खालचे दात) वर्षानुवर्षांची धूळ आणि कापसासारखा भुसा घट्ट बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. शटल आणि बॉबिन केस (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, म्हणजे बॉबिन, बसते ती डबी) बाहेर काढून पुसा. तेल घालायची जितकी भोकं दिसतील त्या प्रत्येकात मशीनचंच तेल घाला, एकेक दोनदोन थेंब. खोबरेल किंवा घरातलं दुसरं कुठलंही तेल नको, ते काही महिन्यांत गोंदासारखं होतं. फारच जाम असेल तर आधी रॉकेलचे थेंब, चाक पुढेमागे करत राहायचं, मोकळं झालं की पुसून मग तेल. रात्रभर सुईखाली चिंधी ठेवून द्या, जास्तीचं तेल ती पिऊन घेते नाहीतर पहिल्याच कापडावर डाग. चामड्याचा पट्टा सैल पडला असेल तर अर्धा इंच कापून हूक परत अडकवायचा.

सुई नवीन घाला, जुनी कितीही बरी दिसली तरी. पॉपलीनला १४ नंबर, जाड कापडाला १६, मलमलसारख्या तलम कापडाला ११. जुनी सुई काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा की चपटी बाजू कुठे होती, कारण मशीनमशीनमधे फरक असतो. फोटो राहिला तर एवढं लक्षात ठेवा, सुईला एका बाजूने लांब खाच असते आणि दोरा नेहमी त्या खाचेच्या बाजूने आत जातो. दोराही नवा. बारा वर्षांपूर्वीचं रीळ हातात घेऊन मी दोरा ओढला तर गवतासारखा तुटला.

मशीनच्या सुईचं भोक टोकाशी का असतं हे कळलं की अर्धे गुंते स्वतःचे स्वतः सुटतात. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, वर येताना त्याचा छोटा फास होतो, शटल तो फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं आणि दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. टोकाला भोक असलेली सुई आणि खालचं शटल, एलियस हौ या अमेरिकन संशोधकाने १८४६ साली घेतलेलं पेटंट याच जोडीचं होतं, सिंगरचं पेटंट नंतर १८५१ चं. तर कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की आपण बॉबिनला दोष देतो, पण बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो किंवा ताण देणाऱ्या दोन चकत्यांमधे बसलेलाच नसतो. पाय (सुईजवळचा, कापड दाबणारा) वर उचलून दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. बॉबिन बरोबर आहे का बघायचं तर केस दोऱ्याला लोंबकळत धरून हलका झटका द्या, जरासं खाली सरकून थांबलं की ठीक, सरसर खाली आलं तर सैल आहे.

पहिल्या दिवशी कापड घेऊच नका. दोरा न ओवता वहीच्या रेघांच्या कागदावर मशीन चालवा, भोकं रेघेवर पडली पाहिजेत. शिवणक्लासच्या बाईंनी आम्हाला आठवडाभर हेच करायला लावलं होतं आणि तेव्हा राग यायचा. चाक वरून आपल्याकडे फिरलं पाहिजे, उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून सुरू करताना एक हात चाकावर ठेवायचा. मला वाटलं होतं सगळं विसरले असेन. दहाव्या कागदाला पावलांनी आपोआप लय धरली, टाच-चवडा, टाच-चवडा, आणि तो आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

कापड पॉपलीन, ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं), अडीच मीटर. लागतं त्याहून हे थोडं जास्त आहे, कारण सुती कापड आटतं. एक रात्र पाण्यात भिजवा, गडद रंग असेल तर एकटंच भिजवा, आणि जरा ओलं असतानाच इस्त्री करा. न भिजवता शिवलेला परकर दुसऱ्या धुण्यात आखूड होतो, म्हणजे आपण जिथून निघालो तिथेच परत.

मापं दोनच. कंबरेपासून घोट्यापर्यंत उंची आणि सीटचा (नितंबांवरचा) घेर. माझी उंची ४०, सीट ४०. कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असा उभा तुकडा. सहा कळ्यांचा परकर जास्त प्रचलित आहे पण मला आठ कळ्यांचा बेतायला सोपा वाटतो. वर २ इंचाची नेफापट्टी (नाडी ओवायची कंबरपट्टी) येणार आणि खाली दुमडीला दीड, वरच्या जोडाला अर्धा, म्हणजे वजा दोन अधिक दोन, कळीची लांबी उंचीएवढीच राहते. कळीची वरची रुंदी म्हणजे सीट भागिले आठ अधिक एक इंच शिलाईचा, माझ्यासाठी पाच अधिक एक सहा.

४० इंचाचे दोन तुकडे पाडा आणि एकावर एक सरळ ठेवा. घडी घालू नका, घडी घातली की अर्ध्या कळ्या आरशातल्यासारख्या उलट्या होतात. मधोमध १८ इंचांवर उभी रेघ, दोन पट्टे झाले. प्रत्येक पट्ट्यात वरच्या काठावर डावीकडून ६ इंचांवर खूण, खालच्या काठावर डावीकडून १२ इंचांवर खूण, दोन्ही खुणा तिरक्या रेघेने जोडा. एका पट्ट्यात दोन कळ्या, एक उलटी एक सुलटी, दोन थरांत मिळून आठ. कापड अजिबात वाया जात नाही, आणि बेतताना हे असं एकात एक बसलेलं दिसलं की मला आजही फार छान वाटतं. पन्हा ४४ असेल तर पट्टा २२ चा धरा, फक्त घेर वाढेल. उरलेल्या कापडातून ५ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या नेफ्यासाठी, जोडून ४१ लांब (सीट अधिक एक).

प्रत्येक कळीला एक बाजू सरळ धाग्याची आणि एक तिरकी, उरेब. शिवताना एकीची उरेब बाजू दुसरीच्या सरळ बाजूला लावायची. उरेबला उरेब जोडलं तर तो जोड लोंबतो आणि परकर एका बाजूने खाली येतो, पुष्कळ रेडिमेड परकर चार धुण्यांत वाकडे होतात ते मला वाटतं यामुळेच. वरून सुरू करा, उरेब बाजू खालच्या थरात ठेवा, ताणू नका, दातरे तिला आपोआप सामावून घेतात. तिरकी बाजू साधारण अर्धा इंच लांब असते, ते जास्तीचं तळाशी येऊ द्या, तिथे नंतर छाटायचंच आहे. टाका इंचाला दहा-बारा.

ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी मशीन) नसेल तर गुंडाळून शिवा. सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचाच्या किंचित आतून पहिली टीप, सुटलेले धागे छाटा, मग कापड उलटून पाव इंचावर दुसरी. कच्ची कड आत बंद होते, बारा वर्षं धुतलं तरी धागा निघत नाही. वेळ दुप्पट लागतो पण हे टाळू नका.

शेवटचा जोड मात्र साधा घ्या आणि वरून ८ इंच मोकळा सोडा, दोन्ही कडा आत दुमडून टीप मारा. चीर संपते तिथे दोन-तीनदा पक्कं करा. जुन्या मशीनला उलटी टीप नसते, तर सुई कापडात खाली ठेवून पाय उचला, कापड गोल फिरवा आणि त्याच टिपेवरून परत या.

नेफापट्टीची दोन्ही टोकं अर्धा इंच दुमडून शिवा, मग कापडाच्या वरच्या काठाला जोडून, आत वळवून, वरून टीप. नाडी सेफ्टीपिनने ओवायची.

आणि तळ लगेच दुमडू नका. परकर एक रात्र खुंटीला लटकवून ठेवा, उरेब जेवढी उतरायची तेवढी उतरते. सकाळी घालून कुणाला तरी टेपने जमिनीपासून सारखी खूण करायला सांगा, छाटा, अर्धा इंच आणि मग एक इंच अशी दुमड घालून शेवटची टीप.

माझा झाला त्या दिवशी मी वर साडी न नेसताच घरभर फिरले, घोट्यापर्यंत बरोबर, ८८ इंचांचा घेर, चालताना पाय अडकत नाही. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद मानलं होतं, बायकोला हाताने शिवायचे कष्ट पडू नयेत म्हणून सिंगरने ते केलं अशी त्यांची समजूत होती. कुणासाठी तरी शिवणं ही त्या मशीनची खरी ओळख, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

आईने परकर हातात घेऊन आतल्या शिलाया बघितल्या, मग म्हणाली, "अगं, मलाही एक कर, पण पांढरा नको." तिची उंची ३५, सीट ३८. म्हणजे कळीला वर पावणेसहा, खाली सव्वाबारा. जांभळी पॉपलीन काल रात्रीच भिजत टाकलीय.