केनियाच्या किनाऱ्यावर सेवेला जायचंय? मग आधी हे वाचून घ्या

दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, की आमच्या मंडळीतले पाच-सहा जण आफ्रिकेला सुवार्तेसाठी जायचं म्हणतायत, काय करायचं, कसं जायचं. तर पहिली गोष्ट अशी की नुसतं "आफ्रिकेला" असं कुठं जाता येत नाही. तिथं ५४ देश आहेत, प्रत्येकाचा कायदा वेगळा, भाषा वेगळी, एकीकडचं दुसरीकडं लागू होत नाही. मला जी बाजू माहितीय ती केनियाचा किनारा, म्हणजे मोंबासा, राबाई, किलिफी, क्वाले, तर इथं तेवढंच सांगतो.

निघायच्या आधी दोन आकडे डोक्यात ठेवा. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत ८५ टक्क्यांच्या वर लोकांनी ख्रिस्ती म्हणून नोंद केलीय. आपल्याकडं २०११ ला हाच आकडा २.३ टक्के होता. तेव्हा "अंधारात प्रकाश घेऊन चाललोय" ही निरोप समारंभातली भाषणं इथंच ठेवून जा, तिकडची रविवारची उपासना आपल्यापेक्षा मोठी, तरुण पोरं भरपूर, आणि गाणारे तर विचारूच नका. किनाऱ्यावर मुस्लिम वस्तीही मोठी आहे, पण चर्च काही काल आलेलं नाही. क्राप्फ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ ला मोंबासात उतरला, त्याच वर्षी बायको आणि तान्हं बाळ दोघं वारली, तरी तो तिथंच राहिला, १८४६ ला रेबमन हा दुसरा मिशनरी येऊन मिळाला आणि दोघांनी राबाईत काम सुरू केलं. १८६२ पासून जवळच्या रिबे गावात मेथडिस्ट आहेत.

आणि नाशिककरांना तर हे माहीत असायलाच पाहिजे. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जायची, त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला सीएमएसच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या, मिशनमध्ये वाढली, शिकली. आज आपण शरणपूर रोडवरून गाडी काढताना कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तिथूनच विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही माणसं राबाईला गेली आणि गोरे मिशनरी आजारी पडून परत जायचे तेव्हा काम यांनीच चालवलं. जोन्स आणि सेमलर १८८५ ला डीकन झाले, म्हणजे पाळकाच्या आधीची दीक्षा मिळाली. मोंबासाजवळचं फ्रेअरटाऊन, म्हणजे सोडवलेल्या गुलामांची वसाहत, उभं करणारा मिशनरी प्राइससुद्धा आधी शरणपूरलाच होता. राबाईला गेलात तर क्राप्फच्या नावाचं म्युझियम बघाच, आणि आपण नाशिकचे हे तिथं सांगा, ओळख पटकन वाढते.

मग जायचं कशाला? जायचं, पण पाहुणा म्हणून, तिथल्या मंडळीने बोलावलं तर, आणि त्यांनी सांगितलेल्या कामाला. माझं ठाम मत आहे की बोलावणाऱ्या मंडळीचं पत्र हातात नसेल तर तिकीट काढूच नका. हे पत्र मिळवायला फेसबुकवर भेटलेला कुणी "बिशप" नको, आपल्याच पंथाची वाट धरा. सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, असाल तर आपल्या डायोसिसमार्फत अँग्लिकन चर्च ऑफ केनियाच्या मोंबासा डायोसिसला लिहा, मेथडिस्ट असाल तर मेथडिस्ट चर्च इन केनियाला, बाकीच्यांनी आपापल्या मुख्य ऑफिसकडून. फेसबुकवाल्यांपैकी काही खरेही असतात, पण खरा असेल त्याला वरच्या ऑफिसची चिठ्ठी आणायला काही अडचण नसते. पत्र आलं की उलट विचारा, तुम्हाला नक्की काय पाहिजे? बहुतेक वेळा उत्तर "मोठी सभा" असं येत नाही. संडे स्कूलच्या शिक्षकांचं ट्रेनिंग, तरुणांसाठी शिबिर, मंडळीचा हिशेब कसा लिहायचा, कधी नर्स किंवा दातांचा डॉक्टर. स्टेज, लाऊडस्पीकर आणि घाम पुसत बोलणारा वक्ता याची तिकडं अजिबात टंचाई नाही, नैरोबीहून येतात, अमेरिकेहून येतात, त्यात आपली आणखी भर कशाला.

अनोळखी प्रचारकांबद्दल किनाऱ्यावर सध्या लोक सावध आहेत आणि त्याला कारण आहे. २०२३ ला किलिफी काउंटीतल्या शाकाहोलाच्या जंगलात चारशेच्या वर मृतदेह उकरून काढले, त्यात लहान मुलं कितीतरी. उपाशी राहून मेलात की येशू भेटेल असं एका प्रचारकाने शिकवल्याचा आरोप आहे. आता आपल्याकडं एकवीस दिवसांची उपवास प्रार्थना आपण सहज जाहीर करतो, पण तिथं व्यासपीठावरून उपवासाचा विषयच काढू नका. आरोग्यदानाच्या प्रार्थनेचंही तसंच, प्रार्थना जरूर करा, पण "आता औषधं सोडा" हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत, एचआयव्हीच्या गोळ्या रोज घेणारी माणसं समोर बसलेली असतात आणि गोळ्या थांबवल्या तर काय होतं हे सांगायला नको. गावात पोचल्यावर पाळकांना म्हणायचं की आधी चीफकडं, म्हणजे सरकारी गावप्रमुखाकडं, घेऊन चला. पत्र दाखवा, कोण आहोत, किती दिवस आहोत ते सांगा आणि मगच कामाला लागा.

कागदपत्रांचं बघू. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, आणलंय, ऑनलाइन अर्ज करायचा, पण सरकारी साइटवरूनच, हुबेहूब दिसणाऱ्या एजंटांच्या साइट आहेत, त्या जादा पैसे घेतात. येण्याचं कारण खरं लिहा आणि बोलावणाऱ्यांचं पत्र जोडा. टुरिस्ट म्हणून शिरायचं आणि मग गावोगावी बोलत फिरायचं हे करू नका, आपल्याकडं परदेशी माणसाने टुरिस्ट व्हिसावर येऊन प्रचार केला तर बाहेर काढतात ना, मग त्यांच्याही कायद्याचा मान ठेवा. थोड्या दिवसांच्या कामाला स्पेशल पास, म्हणजे तात्पुरता परवाना, लागेल का ते तिथल्या चर्च ऑफिसला विचारून लेखी उत्तर घ्या. महिनोन्महिने राहायचं असेल तर धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी क्लास आय नावाचं परमिट आहे, त्याचं काम तिथल्या संस्थेमार्फत होतं आणि वेळ खातं. "आलोच आहोत तर शेजारच्या देशात पण जाऊन येऊ" हा मोह टाळा. रवांडाने २०१८ ला नियमात न बसणारी शेकडो चर्च बंद केली आणि पाळकाला ईश्वरज्ञानाची पदवी सक्तीची केली, तिथं ऐनवेळी जाऊन उभं राहणं जमणार नाही.

आता तब्येत, इथं लोक सगळ्यात जास्त ढिलाई करतात. यलो फीव्हरची लस घ्यायचीच. गंमत म्हणजे भारतातून थेट जाताना केनियावाले सहसा लशीचं कार्ड मागत नाहीत, ते लागतं परत येताना, मुंबईला. कार्ड नसेल तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतं. लस सरकारने ठरवलेल्या केंद्रातच मिळते, घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि आता एकदा घेतली की जन्मभर चालते. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आधी डॉक्टरशी बोला, आपल्या ग्रुपमध्ये रिटायर झालेली मंडळी जास्त असतात म्हणून मुद्दाम सांगतोय. मलेरिया किनाऱ्यावर आहे आणि तो मारणारा मलेरिया आहे, "आपल्याकडं पण डास असतात की" म्हणून उडवून लावू नका. गोळ्या कुठल्या ते डॉक्टर ठरवतील, फक्त एवढं लक्षात ठेवा की त्या जायच्या आधी सुरू होतात आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन असेल तर चार आठवडे, दुसरी ती महागाची ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस. मच्छरदाणी आणि अंगाला लावायचं मलम इथूनच न्या.

बॅग भरताना प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग काढून टाका, केनियात २०१७ पासून बंदी आहे, चिवडा-लाडू डब्यात भरा. एप्रिल-मे धो धो पाऊस, आतल्या मातीच्या रस्त्यांवर गाडी रुतते, आणि नेमकी आपली सुट्टी तेव्हाच असते, तरी जमवून जानेवारी-फेब्रुवारी किंवा जुलै ते सप्टेंबरमधलं बघा. मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तास, पुढं मोंबासाला मदाराका एक्सप्रेस रेल्वेने आरामात जाता येतं. गावात फिरायला मटाटू आणि बोडाबोडा, म्हणजे शेअर व्हॅन आणि बाइक-टॅक्सी. अंधार पडल्यावर लांबचा प्रवास नको, पाळक कितीही म्हणाले "काही होत नाही" तरी नको.

वेळेचा घोळ सगळ्यांचा होतो. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, "सा तातू" म्हणजे तीन वाजता नाही, सकाळचे नऊ. कुणी स्वाहिलीत वेळ सांगितली की घड्याळ दाखवून खात्री करा. आणि नऊला बोलावलं म्हणून नऊला सुरू होईल असंही नाही, पण तुम्ही मात्र वेळेत हजर पाहिजे.

उपासना तीन तास सहज चालते. दोन-तीन कॉयर, पाहुण्यांची एकेक करून ओळख, दान, मग संदेश. उभं केलं की "ब्वाना आसिफिवे", म्हणजे प्रभूची स्तुती असो, म्हणा, सगळे "आमेन" म्हणून उत्तर देतात. वयस्कर माणसाला भेटताना "शिकामू", ते "मरहाबा" म्हणतील, हे चुकवू नका, आपल्याकडं वाकून नमस्कार न करणाऱ्या पोराकडं जसं बघतात तसं बघतील. भगिनींना साडी चालते, वर एक लेसो, म्हणजे रंगीत सुती कापड, घ्या, तिकडच्या बायका तोच गुंडाळतात. साडी बघून तुम्हाला दुकानदार समजतील, कारण किनाऱ्यावरचा "मुहिंदी" म्हणजे बहुतेक गुजराती व्यापारी, भारतात ख्रिस्ती असतात हेच पुष्कळांना नवीन वाटतं. म्हणून साक्ष द्यायला सांगितलं तर आपल्या मंडळीबद्दल सांगा, लोक कान देऊन ऐकतात, संदेशापेक्षा जास्त.

संदेश दुभाष्यातून असतो आणि आतल्या गावात इंग्रजीतून स्वाहिली, स्वाहिलीतून गिरियामा या तिथल्या बोलीत असं दोनदा फिरतं. अर्धा तास मिळाला तर तुमच्या हातात दहाच मिनिटं आहेत असं धरून तयारी करा. एक वाक्य बोला, थांबा. दुभाष्याला आदल्या दिवशी वचनं आणि मुद्दे लिहून द्या, त्याच्याबरोबर चहा घ्या, त्याला पटलं नाही तर तो तोंडावर बोलणार नाही, पण भाषांतरात तुमचं कडक वाक्य हळूच मऊ करून टाकेल, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. विनोद तर इथंच सोडा. गाणं मात्र न्या, अभंगाच्या चालीवरचं एखादं भजन, टाळ असतील तर उत्तमच, त्याला दुभाष्या लागत नाही.

किनाऱ्यावरच्या मूळच्या मिजिकेंडा लोकांचे नऊ गट आहेत, गिरियामा, डिगो, राबाई, दुरुमा वगैरे. डिगो बहुतेक मुस्लिम, एकाच घरात दोन धर्म हेही दिसेल. घरोघर भेटीला जाताना स्थानिक माणूस पुढं पाहिजे, तो ज्या घरी नेणार नाही तिथं जायचं नाही, वाद तर घालायचाच नाही, तुम्ही विमानाने निघून जाल, शेजारी म्हणून त्यांना राहायचंय. काया म्हणजे त्यांची पवित्र वनं, आपल्या देवराईसारखी, २००८ पासून जागतिक वारसा आहेत. वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय आत पाऊल नको, फोटो नको, आणि त्यावर व्यासपीठावरून टीका तर नकोच नको.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि सुकुमा विकी ही पालेभाजी रोजचं, सकाळी माहामरी म्हणजे तळलेली गोडसर पुरी आणि म्बाझी, म्हणजे नारळाच्या दुधातली आपली तूर, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. चपातीला ते चपातीच म्हणतात. पाहुण्यांसाठी कोंबडी कापतात, शाकाहारी असाल तर पोचायच्या आधीच कळवा, ताट समोर आल्यावर नाही.

पैसा. सगळ्यात जास्त नाती इथंच बिघडतात. परदेशी चलन नोटांमध्ये एका ट्रिपला माणशी ३००० डॉलरपर्यंतच नेता येतं, आणि डॉलर नवे कोरे न्या, जुन्या छपाईच्या, दुमडलेल्या नोटा घेत नाहीत. मंडळीच्या ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करायचा तर आयकराच्या परवानगीचा प्रश्न येतो, सीएला विचारल्याशिवाय एक रुपया हलवू नका. तिथं पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालू करा, भाजीवालीपासून दानपेटीपर्यंत सगळं त्यावरच चालतं. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून वर्गणी, त्यात पाहुण्याला पुढं बोलावतात आणि रक्कम मोठ्याने जाहीर होते, तेव्हा ग्रुपचा आकडा आधीच ठरवून ठेवा, भावनेच्या भरात छपराचे पत्रे कबूल करून येऊ नका. जे द्यायचं ते मंडळीच्या खजिनदाराकडं, पावती घेऊन. बाजूला घेऊन कुणी मुलीच्या फीचं सांगेल, गोष्ट खरीही असेल, पण तुम्ही एकाला दिलं की पाळकांच्या दारात दुसऱ्या दिवशी वीस जण उभे.

पोरांना चॉकलेट वाटत फोटो काढू नका, आईबापांना विचारल्याशिवाय फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. अनाथाश्रम काढायचं कुणाच्या डोक्यात असेल तर सोडून द्या, केनियाने २०१७ लाच नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली, मुलं संस्थेत न ठेवता कुटुंबात वाढावीत असं सरकारचं धोरण आहे. आश्रमातल्या पुष्कळ मुलांना नातेवाईक असतात, तिथल्या मंडळ्या अशा घरांना फी आणि धान्याची मदत करतात, त्यात हातभार लावा.

परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा की केनियाला जाऊन आलोय, मलेरियाची टेस्ट त्याच दिवशी करून घ्या. खर्चाचा हिशेब आपल्या मंडळीला आणि त्यांनाही पाठवा. पुढच्या वर्षी परत जायचं असेल तर आधी त्यांना विचारा, आणि "या वर्षी नको" म्हणाले तर त्याच पैशात त्यांच्यातल्या दोघांना इकडं बोलवा. फक्त त्यांना टुरिस्ट व्हिसावर आणून आपल्या वार्षिक सभेत बोलायला उभं करू नका, भारतात त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो, त्याची चौकशी सहा महिने आधी सुरू करा.