वाड्यावरची पुस्तक-संध्याकाळ कशी जमवावी

गोव्यातल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीवर, शेजाऱ्यांनी जमून एखाद्या कथेवर बोलायचे, अशी ही संध्याकाळ. आधी माणसे ठरवा, पुस्तक नंतर. सात-आठ जण पुरेत. त्याहून जास्त झाले की सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, दोन टोळकी पडतात आणि त्यातले एक मुलांच्या ॲडमिशनवर घसरते. पहिल्या खेपेला चालत येता येईल अशांनाच बोलवा, कारण गावात रात्री परतीची बस मिळेल याचा भरवसा नाही. शेजारचे ख्रिस्ती कुटुंब मराठी वाचत नसेल, तरी ऐकायला जरूर बोलवा.

वार रविवार, वेळ संध्याकाळी पाच. दुपारची झोप झालेली असते, रात्रीचे जेवण दूर असते. तारीख पक्की करण्याआधी देवळातली पालखी, जत्रा, काला पाहून घ्या. चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस तर सोडूनच द्या. तेव्हा कोणाच्या हातात पुस्तक राहणार?

पुस्तक निवडताना

सुरुवातीला जाडजूड कादंबरी नको. एका बैठकीत संपेल अशी कथा घ्या. सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई किंवा सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी या गोव्याच्या कथाकारांच्या कथांपासून सुरुवात करणे सोयीचे. गावे, देवळे, माणसांचे स्वभाव ओळखीचे असल्याने लाजाळू माणूसही ‘आमच्याकडे असे नव्हते’ म्हणत तोंड उघडतो. दोन घरांत मिळून एक प्रत चालते. तालुका ग्रंथालयात पाहा, नाहीतर पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली सुरू झालेले हे ग्रंथालय जुन्या पुस्तकांसाठी मुद्दाम धुंडाळावे. वाचायला महिनाभर द्या. पावसाळ्यात प्रत घरोघर फिरवायची तर प्लास्टिकच्या पिशवीतूनच.

खाणे

बहुतेक बेत फसतात ते इथे. प्रत्येक घर आपला हातखंडा पदार्थ घेऊन येते आणि पुस्तक ताटाखाली जाते. म्हणून माझा नियम कडक आहे: कथेशी नाते असलेला पदार्थ एकच, तोही यजमानाने करायचा. कथेत खाण्याचा उल्लेख नसेल तर तिच्यातला ऋतू किंवा सण पाहा. श्रावणातली कथा असेल तर हळदीच्या पानातल्या पातोळ्या; देवळाच्या, सणासमारंभाच्या कथेला मणगणे, म्हणजे चणाडाळीची खीर.

मणगणे मला या कामासाठी फार आवडते, कारण ते दुपारीच करून ठेवता येते. आठ-दहा वाट्यांसाठी एक वाटी चणाडाळ दोन-तीन तास भिजवून शिजवा. मऊ हवी, पण दाणा मोडता कामा नये. पाव वाटी साबुदाणा वेगळा भिजवा. एका मोठ्या नारळाचे दाट दूध बाजूला ठेवा आणि त्याच चवाचे दुसरे, पातळ दूध काढा. या पातळ दुधात डाळ आणि साबुदाणा घालून साबुदाणा काचेसारखा दिसेपर्यंत शिजवा. मग वाटीभर गूळ, काजूचे तुकडे, चिमूटभर मीठ. दाट दूध अगदी शेवटी घाला, मंद आचेवर ढवळा आणि उकळी फुटायच्या आत उतरवा, नाहीतर दूध फाटते. वेलची वरून. थंड होताना ते घट्ट होते, तेव्हा थोडे पातळच ठेवा.

तिखटाला अळसांद्याचे तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची नारळाच्या वाटणातली उसळ, आणि उंडे, म्हणजे गोल पाव. पदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐनवेळी त्याची पाटी रिकामी असते. मासळी नको; काट्यांकडे लक्ष द्यायचे की चर्चेकडे? सोलकढी द्यायची तर पुस्तके आधी आत नेऊन ठेवा. ग्रंथालयाच्या प्रतीवर पडलेला गुलाबी डाग जात नाही.

प्रत्यक्ष संध्याकाळ

पाच वाजता फक्त चहा. मग कोणीतरी कथेतली तीन-चार पाने मोठ्याने वाचावीत. न वाचता आलेल्यांची अब्रू त्याने वाचते आणि मराठी न वाचणारे शेजारीही गोष्टीत येतात. ‘कथा आवडली का?’ हा प्रश्न टाळा, त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात आणि शांतता पसरते. ‘त्याच्या जागी तुम्ही घर सोडले असते का?’ असे विचारा. पहिला प्रश्न न वाचलेल्याने विचारला तर आणखी मजा. बोलणे पाच मिनिटांत कोकणीवर जाईल. जाऊ द्या, माणसे मनापासून भांडतात ती त्याच भाषेत.

वाट्या सहाच्या सुमारास बाहेर आणा, त्याआधी नाही. आधी खाल्ले की जांभया सुरू होतात. खाताना चर्चा भरकटली तरी ओढून आणू नका. कोणाच्या आजीची गोष्ट, कोणत्या तरी जुन्या घराचा वाद, हे सगळे याच वेळी निघते आणि त्यातूनच ओळख वाढते. नारळ, गूळ, पाव यांचा खर्च सगळ्यांत वाटून घ्या. पुढचा यजमान आणि पुढची कथा चपला घालण्यापूर्वीच ठरवा. फोनवर ठरवायला गेलात तर दोन महिने जातात.