कामाच्या ठिकाणची हिंसा : मालकांनी या चुका टाळाव्यात

नवी मुंबईतील महापे, रबाळे किंवा ठाण्यातील वागळे इस्टेटमधील एखाद्या कारखान्यात मारहाण झाली की व्यवस्थापन हमखास सांगते, ‘अचानक भडका उडाला.’ बहुतेक वेळा शिफ्ट सुटताना ‘गेटबाहेर ये, दाखवतो’ अशी धमकी आधीच दिलेली असते, ती सुपरवायझरच्या कानावरही गेलेली असते आणि ‘आपसांतला वाद आहे, मिटेल’ म्हणून त्याने ती सोडून दिलेली असते. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. धमकीची तारीख, वेळ आणि साक्षीदारांसह लेखी नोंद करावी, दोघांच्या शिफ्ट त्याच दिवशी वेगळ्या कराव्यात आणि धोका गंभीर वाटल्यास कोणी हात उगारण्याची वाट न पाहता पोलिसांना कळवावे.

‘तो ठेकेदाराचा माणूस आहे’ असे म्हणून हात झटकणे ही दुसरी चूक. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारी आणि प्रशिक्षणार्थी कामगार स्पष्टपणे कर्मचारीच मानले आहेत, त्यामुळे ठेकेदारामार्फत आलेल्या महिलेची तक्रारही कंपनीच्या तक्रार समितीने ऐकलीच पाहिजे.

याच कायद्यानुसार 10 किंवा अधिक कर्मचारी असल्यास अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमावी लागते. न नेमल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस बोर्डावरच्या समितीच्या यादीत नोकरी सोडून गेलेल्यांची नावे तशीच राहतात, कंपनीबाहेरून घेतलेल्या सदस्याला तर आपण समितीवर आहोत हेही आठवत नाही. अशा समितीकडून 90 दिवसांत चौकशी कशी पूर्ण होणार? यादी आजच तपासावी. 10 पेक्षा कमी कर्मचारी असल्यास किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये येत असल्याने फलकावर योग्य जिल्ह्याचाच पत्ता द्यावा.

तक्रार येताच त्या महिलेलाच दुसऱ्या विभागात हलवणे मला सर्वांत अन्यायकारक वाटते. चौकशीदरम्यानची बदली तिच्या लेखी विनंतीवरून आणि समितीच्या शिफारशीनेच व्हावी. आरोप ज्याच्यावर आहे त्यालाही हलवता येते. समेटही तिने मागितला तरच करता येतो आणि तो पैशांच्या आधारे करता येत नाही.

कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने कामाचेच ठिकाण आहे. म्हणून रात्रपाळीत गाडीचा मार्ग असा आखावा की शेवटी एकटी महिला उरणार नाही. ते शक्य नसेल तेव्हा सुरक्षारक्षक सोबत द्यावा.