लिनक्सवर टचपॅडची अतिसंवेदनशीलता आणि नको असलेले स्पर्श कसे आवरावेत

टाइप करता करता मजकुरातला कर्सर भलत्याच ओळीत जाऊन बसणे, बोट नुसते टेकताच एखादा दुवा उघडणे आणि बोट जरासे सरकवताच बाण पडद्याच्या दुसऱ्या कडेला पोहोचणे, या तिन्ही तक्रारी सहसा ‘टचपॅड फार संवेदनशील आहे’ एवढ्याच शब्दांत सांगितल्या जातात. त्यांची कारणे मात्र वेगवेगळी आहेत. बाणाचा वेग हे त्यांपैकी फक्त तिसऱ्या तक्रारीचे कारण असते, त्यामुळे वेगाची पट्टी मागेपुढे करून पहिल्या दोन तक्रारी मिटत नाहीत.

बहुतेक आधुनिक लिनक्स वितरणांत टचपॅडचे स्पर्श ‘लिबइनपुट’ ही प्रणाली हाताळते आणि ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या सेटिंगमधील पर्याय तिच्याच सुविधा चालू-बंद करतात. जुन्या लेखांत आढळणारे ‘सिनॅप्टिक्स’ ड्रायव्हरचे उपाय येथे लागू पडत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवावे. पुढील आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली असली, तरी संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करायची आहेत.

पहिली पायरी : दोषी टॅप आहे का, ते पाहावे

बाण हलल्याने मजकुरातला कर्सर जागा सोडत नाही. तो हलण्यासाठी क्लिक व्हावे लागते. म्हणजेच टाइप करताना कर्सर उडी मारत असेल, तर तळहाताच्या किंवा अंगठ्याच्या ओझरत्या स्पर्शाला यंत्रणा टॅप, म्हणजे बोट हलकेच टेकवून दिलेली क्लिकची खूण, समजून क्लिक करत आहे. सेटिंगमधील टचपॅड विभागात जाऊन टॅपने क्लिक करण्याचा पर्याय बंद करावा आणि काही काळ नेहमीसारखे काम करून पाहावे. उड्या थांबल्या, तर निदान झाले. टचपॅड दाबून क्लिक करण्याची सवय असलेल्यांनी हा पर्याय कायमचा बंद ठेवण्यास हरकत नाही. माझ्या मते हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. टॅप चालू असताना दोन बोटांचा टॅप उजवे क्लिक आणि तीन बोटांचा टॅप मधले क्लिक ठरतो, आणि लिनक्सवर मधल्या क्लिकने निवडलेला मजकूर तिथल्या तिथे चिकटवला जातो. कोणतीही कळ न दाबता मजकुरात परके शब्द उमटत असतील, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी पायरी : टाइप करताना टचपॅड बंद राहतो का, ते तपासावे

टॅप हवाच असेल, तर टाइप करताना टचपॅड निष्क्रिय ठेवण्याचा पर्याय चालू असल्याची खात्री करावी. तो प्लाझ्माच्या टचपॅड विभागात आणि ग्नोमच्या नव्या आवृत्त्यांतील सेटिंगमध्ये दिसतो. ही सुविधा एकच कळ दाबल्यावर अगदी थोडा वेळ आणि सलग कळा दाबल्यावर अधिक वेळ टचपॅडकडे दुर्लक्ष करते. टाइप करत असताना टेकलेला तळहात टायपिंग थांबल्यानंतरही, तो उचलेपर्यंत, दुर्लक्षितच राहतो. कंट्रोल, शिफ्ट, आल्ट यांसारख्या कळांमुळे मात्र टचपॅड बंद होत नाही, अन्यथा कंट्रोल धरून क्लिक करणेच अशक्य झाले असते. कळफलक आणि टचपॅड एकाच वेळी वापरावे लागणारे खेळ खेळताना बाण अडकल्यासारखा वाटतो, तो याच सुविधेमुळे. तेवढ्यापुरती ती बंद करावी.

पर्याय चालू असूनही उपयोग होत नसेल, तर प्रश्न बहुधा कळफलकाच्या ओळखीचा असतो. लिबइनपुट टचपॅडची जोडी लॅपटॉपच्या अंगच्या कळफलकाशी लावते, बाहेरून जोडलेल्या कळफलकाशी लावत नाही. काही लॅपटॉपांत अंगचा कळफलकही आतून यूएसबीने जोडलेला असतो आणि तो बाहेरचा समजला जाण्याची शक्यता असते. ‘कीडी’सारखा कळांची अदलाबदल करणारा प्रोग्राम वापरत असाल, तर कळा एका आभासी कळफलकातून येतात आणि जोडी तिथेही तुटते.

याची पडताळणी करण्यासाठी डेबियन व उबुंटूवर ‘लिबइनपुट-टूल्स’ किंवा फेडोरावर ‘लिबइनपुट-युटिल्स’ हे पॅकेज बसवून, सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, ‘लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही आज्ञा ‘व्हर्बोज’ पर्याय लावून चालवावी. सुरुवातीच्या ओळींत टचपॅड आणि कळफलक यांची नावे ‘डीडब्ल्यूटी ॲक्टिव्हेटेड’ (डीडब्ल्यूटी म्हणजे टाइप करताना टचपॅड बंद ठेवण्याची सुविधा) या शब्दांसह एकत्र दिसली, तर जोडी जुळलेली आहे. हे साधन डेस्कटॉपची सेटिंग वाचत नाही, त्यामुळे तुम्ही चालू केलेला टॅप त्यात बंद दिसला तरी गोंधळून जाऊ नये.

जोडी जुळलेली नसेल, तर ‘/ईटीसी/लिबइनपुट/’ या फोल्डरात ‘लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स’ नावाची फाइल तयार करावी. तिच्या पहिल्या ओळीत चौकोनी कंसात कोणतेही शीर्षक द्यावे, पुढील ओळींत ‘मॅचयूडेव्हटाइप’ची किंमत ‘कीबोर्ड’ आणि ‘मॅचनेम’ची किंमत आपल्या कळफलकाचे वरील आज्ञेच्या सुरुवातीच्या ओळींत दिसणारे नेमके नाव अशी लिहावी आणि शेवटी ‘ॲटरकीबोर्डइंटिग्रेशन’ची किंमत ‘इंटर्नल’ द्यावी. ‘लिबइनपुट क्वर्क्स व्हॅलिडेट’ या आज्ञेने फाइलीतील चुका तपासाव्यात आणि मगच लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे, कारण ही फाइल सत्र सुरू होतानाच वाचली जाते.

तिसरी पायरी : तळहात आणि अंगठा

टाइप करत नसतानाही तळहाताने बाण हलत असेल, तर प्रश्न तळहात ओळखण्याचा आहे. लिबइनपुट स्पर्शाची जागा, दाब किंवा स्पर्शाचा आकार यांवरून तळहात ओळखते. बहुतेक टचपॅडमध्ये दाब मोजणारे संवेदक नसतात. स्पर्शाखालच्या क्षेत्रावरून दाबाचा केवळ अंदाज बांधला जातो, म्हणून एका यंत्रावरचे आकडे दुसऱ्यावर चालत नाहीत. ‘लिबइनपुट मेझर टचपॅड-प्रेशर’ ही आज्ञा चालवून बोट आणि तळहात आळीपाळीने टेकवावेत, त्यांच्या आकड्यांमध्ये पडणारी किंमत निवडावी आणि वरच्याच फाइलीत टचपॅडसाठी स्वतंत्र विभाग करून ती ‘ॲटरपामप्रेशरथ्रेशोल्ड’समोर लिहावी. सीमा फार खाली आणली तर बोटालाही तळहात समजले जाईल आणि बाण मधूनच थबकेल. तेव्हा वरच्या आकड्यापासून थोडेथोडे खाली यावे.

चौथी पायरी : वेग

वेगाची पट्टी उणे १ ते १ या मर्यादेतील किंमत बदलते. ती मधल्या जागेपासून थोडी थोडी हलवून पाहणे पुरेसे आहे.

तरीही फरक पडत नसेल, तर

सेटिंगमध्ये टचपॅडचा विभागच दिसत नसेल, तर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, टचपॅडला साधा पीएस/२ माऊस समजलेले असण्याची शक्यता आहे आणि वरील कोणतीही सुविधा तेव्हा उपलब्ध नसते. अशा वेळी सेटिंगशी झगडण्याऐवजी कर्नल अद्ययावत करावे. बाण केवळ चार्जर लावल्यावरच थरथरत असेल, तर दोष बहुधा अर्थिंगचा किंवा चार्जरमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाचा असतो. दुसरा चार्जर किंवा दुसरे सॉकेट वापरून पाहावे. ओलसर बोटांनी किंवा पॅडवर साचलेल्या थराने स्पर्शाचे माप बिघडते, तेव्हा मऊ कोरड्या कापडाने पॅड पुसून घ्यावा.

नेहमी माऊस जोडून काम करणाऱ्यांनी माऊस जोडलेला असताना टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय निवडावा. प्लाझ्मामध्ये तो टचपॅड विभागातच मिळतो. ग्नोममध्ये ‘जीसेटिंग्ज’ आज्ञेने टचपॅडच्या ‘सेंड-इव्हेंट्स’ या किल्लीला ‘डिसेबल्ड-ऑन-एक्स्टर्नल-माऊस’ ही किंमत द्यावी लागते. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन प्रणालींपैकी जुन्या एक्स११च्या सत्रात ‘एक्सइनपुट’ आज्ञेने केलेले बदल लॉगआउटनंतर टिकत नाहीत, त्यामुळे तेथे ते ‘एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’ या फोल्डरातील फाइलीत लिहून ठेवावेत. नव्या वेलँडच्या सत्रात ‘एक्सइनपुट’ला खरा टचपॅड दिसतच नाही, म्हणून तेथे डेस्कटॉपच्या सेटिंगवरच विसंबावे.