बडोद्याहून चोडणच्या कांदळवनात : मार्गदर्शकासह कयाक चालवण्याची पूर्वतयारी आणि रीत

कांदळवनाच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद हलकी नाव, चालवायला दंडात फार बळ असावे लागत नाही. भरती-ओहोटीचा हिशेब मात्र पक्का लागतो आणि तो घर सोडण्याआधीच करावा लागतो. बडोदेकरांना भरती अगदीच अनोळखी नाही, कारण कावी-कंबोईचा स्तंभेश्वर महादेव पाण्याखाली जाताना आपल्यापैकी अनेकांनी काठावरून पाहिलेला असतो. परंतु ते ठिकाण जवळ पडते म्हणून महीच्या मुखाशी नाव घालण्याचा विचारही करू नये. खंभातच्या आखातात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, आणि पाणी उतरल्यावर मागे उरलेल्या चिखलात माणूस रुतून बसतो. नवख्यांना गोव्यातल्या मांडवी नदीतले चोडण बेट अधिक मानवते. तिथे हाच फरक उधाणालाही दोन मीटरच्या आसपास असतो, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य म्हणून राखलेले १.७८ चौरस किलोमीटरचे कांदळवन आहे.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते मार्च हा धरावा. त्या काळात पाहुणे पक्षी आलेले असतात, पावसाळी गढूळ लोंढा ओसरलेला असतो आणि सकाळी वारा पडलेला असतो. दिवस ठरवताना मात्र रविवार कधी येतो हे न पाहता तिथी पाहावी. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असल्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणूनच किनाऱ्यावर तिथीचे पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा प्रघात आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, असा तो हिशेब होय. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि ओढ जोरकस असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते व पाणी मवाळ राहते. पण अष्टमीला सकाळी सहाच्या सुमारास पाणी उतरू लागते आणि न्याहारी आटोपून निघेपर्यंत अरुंद ओहोळांचा तळ दिसू लागतो. त्यामुळे शुक्ल वा कृष्ण पक्षातली एकादशी-द्वादशी उत्तम, कारण तेव्हा ओढ बेताची असते आणि भरती सकाळच्या सोयीच्या वेळेला पूर्ण होते. (उपवास असला तरी साबुदाण्याची खिचडी खाऊनच नावेत बसावे, रिकाम्या पोटी उन्हात वल्हे मारणे हे काही पुण्याचे काम नव्हे.) तिथीचा हिशेब ढोबळ असतो आणि स्थळानुसार तासाभराने चुकू शकतो, म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी तो ताडून पाहावा आणि मगच रेल्वेचे आरक्षण करावे. वसई रोडमार्गे कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाडीने करमळी किंवा मडगाव गाठता येते. पुढे रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने चोडणला उतरावे.

अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. ती कोण काढणार आणि कोणत्या ओहोळांतून जाणार, हे मार्गदर्शकाला फोनवरच विचारावे. एका मार्गदर्शकामागे किती नावा असतील, त्याच्याजवळ ओढून नेण्याची दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी असते काय, वारा वाढला तर तो कुठून परततो, हेही विचारून घ्यावे. उत्तरे देताना जो कंटाळतो, त्याच्याबरोबर न गेलेले बरे.

१८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका दगावल्या. त्यानंतर बडोद्यातल्या माणसाला लाइफ जॅकेटचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. ते कसे घालावे हे मात्र सांगायला हवे. सगळे पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणाला तरी जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगावे. ते हनुवटीपर्यंत सरकले तर सैल आहे किंवा मोठ्या मापाचे आहे असे समजावे. निघण्यापूर्वी शहरातल्या एखाद्या तरणतलावात प्रशिक्षकासमोर जॅकेट घालून पाठीवर तरंगण्याचा सराव करून ठेवावा. विश्वामित्रीत किंवा आजव्याच्या पाण्यात तो करू नये, कारण तिथे मगरी आहेत. मांडवी आणि झुआरी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातही मगरी असतात, म्हणून त्या बाजूला वळण्याचा हट्ट मार्गदर्शकापाशी धरू नये.

अंगावर लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायांत मागून बांधलेले बूट असावेत. कांदळाच्या मुळांना कालवांची शिंपले चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, त्यामुळे चपला चालत नाहीत. चष्म्याला दोरी बांधावी, फोन पाणबंद पिशवीत ठेवावा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्यावे.

दोघांच्या नावेत वजनदार माणसाने मागे बसावे. पुढच्याने लय ठरवायची, मागच्याने ती पाळायची आणि नाव वळवायची. नवरा-बायकोने ही वाटणी काठावरच करून घेतलेली बरी. वल्हे डोक्यावर आडवे धरले असता दोन्ही कोपरे काटकोनात आली म्हणजे पकड बरोबर आहे. गुडघे किंचित वाकवून पावले टेकूवर रोवावीत, पाते पावलाजवळ पाण्यात घालावे आणि कमरेजवळ येताच बाहेर काढावे. वल्ह्याची ओढ दंडातून न काढता कमरेपासून धड वळवून काढली, तर दोन तासांनंतरही खांदे भरून येत नाहीत. उजवीकडे वळायचे असल्यास डाव्या बाजूने लांब अर्धवर्तुळ काढावे. थांबायचे असल्यास दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडे उलटे वल्हवावे.

भरती पूर्ण होण्याआधी तास-दीड तास निघावे. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. बारा हिश्श्यांपैकी पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असे ते चढते आणि तसेच उतरते. म्हणून शेवटच्या तासाच्या मंद ओढीबरोबर आत शिरावे, पाणी थबकलेले असताना कांदळवन पाहावे आणि उतार जोर धरण्याआधी बाहेर पडावे. ओहोळात अडकल्यास चिखलात उतरू नये. नावेतच बसून मार्गदर्शकाची वाट पाहावी. मुख्य पात्रात फेरीबोटीच्या लाटा आल्या तर नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, त्यांच्याकडे वळवावी. नाव ओढीने झाडावर आदळू लागली, तर नवखा माणूस घाबरून फांदी धरतो. नाव खालून निसटते आणि तो पाण्यात पडतो. अशा वेळी फांदीकडे झुकावे, पण तिला लटकू नये. उलटलेच तर नाव आणि वल्हे सोडू नये.

आत शिरल्यावर बोलणे आपोआप कमी होते. चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची श्वसनमुळे दिसली की ती तिवराची समजावी. कमानीसारख्या आधारमुळांवर उभा असतो तो कांदळ. दोहोंच्या मधल्या ओल्या चिखलावर निवट्या (चिखलात वावरणारे छोटे मासे) कल्ल्यांत पाणी धरून परांच्या आधाराने सरपटतात, आणि नावेची सावली पडताच बिळात नाहीशा होतात. पाणमांजर दिसेलच असे नाही. बगळ्यांचा थवा चरायचे सोडून माना वर करू लागला, म्हणजे आपण अंतर ओलांडले आहे असे समजून वल्हे आडवे ठेवावे आणि मागे सरावे. चित्रासाठी पक्षी उडवणारा सोबती असला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे.

परतल्यावर जॅकेट, बूट आणि पिशवीची चेन गोड्या पाण्याने धुवावी, कारण वाळलेल्या मिठाने चेन जाम होते. ऊन चढल्यावर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा अकराच्या आत काठावर असावे आणि दुपारच्या जेवणासाठी फेरीबोटीने रायबंदरला परतावे.